उठू नका, पाहुणं!

सांगलीत आप्पासोंच्या घरी लग्नाची बैठक रंगात आली आणि लालासाहेबांच्या पोटात कळ आली.

आपल्याकडची रीत पूर्वीपासूनची. सुपारी फुटायच्या आत मुलाकडचा मोठा माणूस उठला, की सोयरीक मोडली. मग मागे वळून बघणंही नसे. नातू शिवतेजला तर आप्पासोंची संयोगिता मनापासून आवडली होती. लालासाहेबांनी मांडी आणखी घट्ट घातली.

करणी रंगूबाईंची. नवऱ्याची दाढ सुजली, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. त्यानं पोट बिघडू नये, म्हणून प्रोबायोटिकची कॅप्सूलही दिली होती. मात्र दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायला बजावलं होतं. सकाळी रहिमतपुरातून निघताना रंगूबाईंनी दोन्ही एकदमच हातावर ठेवल्या.

"अगं, एकीनं दुसरी मरती म्हणालं डॉक्टर."

"मरू दे! पाहुण्यांत गोळ्या खात बसला तर म्हातारं आजारी हाय म्हणतील. गिळा. पोटात गेल्यावर आपापलं बघत्यात."

सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं मुकाट्यानं हुकूम पाळला होता.

"तर लग्न सांगलीतच हुईल," आप्पासो म्हणाले.

लालासाहेब अर्धे उठले.

"बसा की, पाहुणं! रागावताय कशाला? रहिमतपुरात करू!"

कळ ओसरली. लालासाहेब बसले. रंगूबाई कौतुकानं कुजबुजल्या, "लय बेस केलंसा!"

"आता एकच," आप्पासो चाचरत म्हणाले. "पोरगी फार्मसी शिकल्या. तुमच्याकडं आल्यावर मेडिकल टाकीन म्हणत्या..."

लालासाहेब ताडकन उभे राहिले. शिवतेजनं त्यांचा हात धरला.

"आजोबा, बसा की! पाया पडतो!"

"न्हाई टाकणार मेडिकल!" आप्पासो घाईनं ओरडले. "तेवढ्यासाठी उठू नका!"

आतलं दार धाडकन उघडलं.

"का न्हाई टाकणार?" संयोगिता तरातरा बाहेर आली. पुढचं बोलणार, तोच तिला लालासाहेबांच्या कपाळावरचा घाम दिसला आणि पोटावर आवळलेली मूठही.

"अँटिबायोटिक चालू हाय व्हय, आजोबा?"

लालासाहेबांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

"मागच्या अंगणात, डाव्या हाताला."

सुभेदार दौडत गेले.

संयोगितानं रंगूबाईंकडं पाहिलं. "दोनी एकदम दिल्या?"

"म्या म्हटलं, तेवढाच हेलपाटा वाचंल," रंगूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या.

लालासाहेब परतले ते वेगळाच माणूस होऊन. "हिनं मेडिकल टाकायचंच! फोडा सुपारी!"

"आदी बसा तर खरं," आप्पासो म्हणाले.

"न्हाई! उभ्यानंच फोडा!"

सुपारी फुटली. संयोगितानं त्यांना ताकभात खायला घातला, मगच कॅप्सूल दिली. दिवस कलला, तशी मंडळी जीपमध्ये जाऊन बसली. लालासाहेब मात्र आप्पासोंच्या सतरंजीवरून हलेनात.

"आवं, उठा की आता!" रंगूबाईंनी जीपमधून हाक मारली.

"वाटेतला ऊस समदा तुटून गेलाय, आडोसा कुठं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "बसू दे मला हितंच."