ब्रीनाने राजाला विष घातलं

टीव्ही मालिकेच्या सहाव्या भागात ब्रीनाने राजाला विष घातलं आणि सोफ्यावर बसलेल्या वेन्डेल कोस्टिअकचा घास घशातच अडकला. ज्यांवरून मालिका केली, त्या त्याच्या तीन पुस्तकांत ब्रीना ही म्हाताऱ्या राजावर जीव टाकणारी दासी होती. मालिकावाल्यांना फोन लावला, तर म्हणाले, "पुस्तकातली फारच मिळमिळीत आहे हो!"

तेही त्याने गिळलं असतं. पण ब्रीना म्हणजे आपली थोरली बहीण व्हर्ना, हे गावच्या वाचनालयात माईक धरून सांगायची हौस त्यालाच होती ना! भोग म्हणावं आता. कॅनडातल्या, सस्कॅचवानमधल्या त्या एवढ्याशा गावात पुस्तक कुणी उघडलं नव्हतं, मालिका मात्र घरोघरी. कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ; त्या क्लबच्या सामन्यांचं जेवण वीस वर्षं व्हर्ना रांधायची. यंदा कमिटीने गोड आवाजात कळवलं, "तू जरा आराम कर."

वेन्डेल तीन तास बर्फातून गाडी हाकत थेट क्लबच्या जेवणात धडकला. खुर्चीवर चढून त्याने पान चारशे बारा मोठ्याने वाचलं. ब्रीना निर्दोष! पेरोगींवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, आंबट साय वाढणारी कमिटीची डोरीन म्हणाली, "पण पुस्तक जुनं ना? मालिका नंतरची. चूक सुधारली असेल त्यांनी."

"अहो बाई, लिहिलंय मी!"

"भाऊच तुम्ही. बहिणीची बाजू घेणारच."

कोपऱ्यातून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "आजचं व्हर्नाने नाही ना केलं?" मघापर्यंत नुसती कुजबुज होती, आता हातातले काटे खाली ठेवले गेले.

व्हर्ना काचेपाशी खुर्ची टाकून खाली बर्फावर सरकणारे दगड बघत होती. वेन्डेलला भरून आलं.

"ताई, चुकलो गं. चौथं पुस्तक लिहितो. तुझ्यावरचा डाग धुऊन काढतो."

"खबरदार!" व्हर्ना कडाडली. "वीस वर्षांत पहिल्यांदा अख्खा सामना बघतेय मी. आणि तुझी पुस्तकं या गावात एकटीने मीच वाचलीत. अठराशे पानं मी त्या थेरड्या राजाचे पाय चेपतेय! एकदा तरी विचारलंस, बाई, तुला कंटाळा येतो का म्हणून?"

"तू कधी बोललीच नाहीस."

"त्या टीव्हीवाल्यांना न बोलता कळलं."

वेन्डेल पुस्तक छातीशी धरून नेमका काचेच्या आड आला.

"सरक रे," व्हर्ना म्हणाली, "दिसत नाहीये."