माशांची मापं घेणारे गणूमामा

मोखाड्यात गणूमामा टेलर माणसांची मापं नुसत्या नजरेने घेतात. टेप त्यांनी माशांसाठी राखून ठेवली आहे. माझी पँट बघून हे कुणीही मान्य करील.

दर रविवारी शिलाई मशीनवर फडकं टाकून हा गृहस्थ वाघ नदीवर हजर! तिथे आमच्यासारखे हौशी लोक गळ टाकून बसलेले असतात. आम्ही पडलो निसर्गप्रेमी. चिप्सची पाकिटं, बाटल्या, गळाचा तुटलेला तंगूसाचा दोरा, सगळं निसर्गालाच अर्पण करून घरी जातो. मासा लागला रे लागला की मामांच्या गळ्यातली टेप निघालीच.

"वाढीचं अंग हाय. सोडा पान्यात."

"अहो मामा, खायला नेतोय. त्याला शर्ट नाही शिवायचा!"

"पोटात सैल दिसतो. अंडी असतील. सोडा!"

हे ऐकून एकदा एका पाहुण्याने स्वतःचंच पोट आत ओढलं होतं.

मागच्या रविवारी ठाण्याहून माझे साडू आले. मी फुशारक्या मारत त्यांना नदीवर नेलं. तीन तासांत बोटभर मासा मिळाला. मामांनी तो मापला, नापास केला आणि सोडूनही दिला. साडू पोट धरधरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रागारागात मी पुन्हा गळ फेकला, तो काठावरच्या करंजाच्या फांदीत अडकला. नेहमीप्रमाणे हिसका देऊन तंगूस तोडला. तर साठीचे मामा दातात कात्री धरून झाडावर चढायला लागले!

"मामा, हाडं मोडतील! हातभर दोरा तो, राहू दे की!"

त्यांनी गळासकट दोरा कातरून आणला, खिशात घातला आणि समोरच्या खडकाकडे बोट दाखवलं. तिथे बगळा उभा होता, एका पायावर.

"बगळे उभे राहतातच तसे," मी अक्कल पाजळली.

"याला दुसरा पाय न्हाई." मामा टेप गुंडाळत राहिले. "आधी मीपन गळ टाकायचो. याच्या पायात गळासकट तंगूस रुतला व्हता. धरून कापला मी, पर पाय गेला. गळाला गाठ व्हती, बटन लावताना मी मारतो तीच. आपली गाठ मानूस वळखत न्हाई व्हय?"

लाज वाटली मला. साडूंचंही हसू आटलं. मी उरलेला दोरा गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात बगळा उडाला, घिरटी घेऊन खडकावर उतरताना धडपडला. मामा अर्धे उठले. तो सावरला, तेव्हाच परत बसले.