नकाशेकरांच्या अमलातून हिराची पाणंद सोडविली त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ते साली पुणे प्रांती, तर्फ कर्वेनगर येथे जी थोर मोहीम जाहली, तीत हत्ती नव्हते, घोडे नव्हते, तोफखाना नव्हता, एक निवृत्त भूमापक, त्यांची कन्या, एक इस्त्रीवाले आणि काही ज्येष्ठ नागरिक इतकाच सरंजाम होता, आणि समोर मोबाइलमधील नकाशे चालविणाऱ्या, सात समुद्रांपलीकडील नकाशेकरांची पातशाही उभी होती. त्या मोहिमेची हकीकत जैसी पाहिली, जैसी ऐकिली, आणि काही जैसी उशिरा कळली, तैसी येथे लिहिली असे. चूकभूल आढळल्यास वाचणारांनी कळवावी, ऐसे लिहिण्याचा प्रघात आहे. पुण्यात ती न लिहिताही कळवितात.

कार्तिक वद्य पंचमी, रविवार. तो दिवस साधा होता, इतका साधा की जपून ठेवावा ऐसे कोणास सुचले नाही. राजश्री रंगराव, वय अठ्ठ्याहत्तर, नित्याप्रमाणे पोहे भक्षून, लिंबू कमी असल्याची तक्रार गुदरून, भिंग आणि मोबाइल घेऊन खिडकीपाशी बैसले, आणि नकाशेकरांकडून आलेले फर्मान त्यांनी दोन वेळा वाचिले, आणि मग कन्या उत्कर्षा हिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. फर्मान ऐसे की, आपण सुचविलेली दुरुस्ती आम्हांस पडताळता आली नाही. हे अकरावे.

"तुझी पातळी आठवी आहे ना तिथं?" ते म्हणाले.

"हो बाबा."

"माझी चौथी. तेवढी दुरुस्ती तुझ्या नावानं पाठव. तुझं ऐकतील."

"बाबा, नाव काही का असेना, घर सापडतंय ना लोकांना? काय फरक पडतो?"

राजश्री दारातून हलले नाहीत. कन्येने लॅपटॉपवरून मान न उचलता, उद्या करते, ऐसे अभयवचन दिले, आणि ते "बरं" म्हणोन स्वयंपाकघरात गेले, आणि दिनदर्शिकेवर सोमवारच्या चौकटीत, बारीक आणि सरळ, भूमापकाच्या अक्षरात लिहिते झाले: 'उ. – पाणंद.' मग वामकुक्षीस गेले.

आता पाणंदीचे मूळ सांगणे प्राप्त. पन्नास वर्षांमागे कर्वेनगरात जेथे शेते होती, तेथे शेतांमधून जाणारी गाडीवाट, म्हणजे पाणंद, होती, आणि तिच्या काठी हिरा नामे बाईची विहीर होती. रंगराव ते समयी तरुण, खात्याची साखळी खांद्यावर टाकोन मोजणीस आले, आणि वैशाखाच्या उन्हात हिराबाईने त्यांस पाणी पाजिले, आणि वाट अरुंद पडते हे पाहोन आपल्या बांधाची दोन हात जागा रस्त्यास सोडून दिली. त्याबद्दल बाईने काही मागितले नाही. रंगरावांनी मोजणीच्या वहीत 'हिराची पाणंद' ऐसे लिहिले, आणि पुढे शेते गेली, विहीर बुजली, सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी नाव राहिले, आणि रंगरावांनी घर घेतले तेही त्याच पाणंदीवर.

तदनंतर तीन वर्षांमागे पाणंदीच्या मुखाशी एक टोलेजंग इमारत उठली, आणि तिच्या कोणा विक्रीकारकुनाने नकाशेकरांस कळविले की, या रस्त्याचे नाव पाम अव्हेन्यू. नकाशेकरांनी ते तत्काळ मान्य केले. पूर्वी टोपीकर आले ते जहाजे घेऊन आले, ऊन सोसले, हिवतापाने मेले, मग मुलूख मोजिला, आणि मग नावे बदलली. आताचे टोपीकर टोपी घालीत नाहीत, आणि येत तर मुळीच नाहीत. बैसल्या जागी बोट लावितात आणि कर्वेनगरात गल्लीचे नाव पालटते, आणि कुरियरवाले, रिक्षावाले, लग्नपत्रिका छापणारे ऐसे सारे एका सप्ताहात त्यांच्या अमलाखाली जातात.

आणि मुलूख नुसत्या फर्माने पडत नाही, आतून कोणी दरवाजा उघडावा लागतो. सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, ज्यांचे चिरंजीव न्यू जर्सी येथे वास्तव्य करितात, त्यांस पाम अव्हेन्यू हे नाव फार मानवले. त्यांनी फाटकावरील पत्र्याची जुनी पाटी काढविली आणि चकचकीत नवी लाविली. सर्वसाधारण सभेत रंगराव उभे राहोन पुसते झाले की, या रस्त्यावर पाम कोठे आहे. आप्पासाहेब बोलिले, "लावू की कुंडीत." आणि खरोखरच दोन कुंड्या आणविल्या. नकाशा भूमीप्रमाणे काढावा ही रंगरावांची उभ्या जन्माची विद्या, आणि येथे नकाशा खरा ठरावा म्हणोन भूमीवर झाडे लावणे सुरू जाहले. त्यांतील एक पाम चैत्रात वाळला. दुसरा तगला.

"रंगराव, तुम्ही ज्या साखळीनं मोजलंत, तीसुद्धा विलायतीच की," आप्पासाहेबांनी त्याच सभेत टोला हाणिला.

"साखळी त्यांची. पाणंद आपली," रंगराव बोलिले आणि खाली बैसले.

तेथून मोहीम सुरू. प्रथम राजश्रींनी नकाशेकरांच्या राजधानीस, थेट अमेरिकेस, रजिस्टर पोस्टाने खलिता धाडिला. त्यासोबत स्वहस्ते काढिलेला नकाशा, उत्तर दिशेचा बाण, मोजमाप आणि 'कळावे' सुद्धा होते. तीन मासांनी कोणा अज्ञात इसमाची फरफटलेली सही असलेली पोचपावती परत आली, ती त्यांनी फायलीस लाविली, आणि कन्येस दाखवोन म्हणाले, "पोचलं तरी." मग त्यांस समजले की, त्या दरबारी पत्र चालत नाही, मनसब, म्हणजे पातळी, चालते. मनसब वाढविण्याची रीत ऐसी की, आधी गावातील खानावळी, दुकाने, बागा यांची परीक्षा करोन त्यांस तारे बहाल करावे. जो पुरुष जन्मात बाहेर खाण्याच्या विरुद्ध, तो वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मिसळीच्या स्वारीस निघाला. त्यांचे अभिप्राय येणेप्रमाणे: 'मिसळ बरी. पंखा दुसऱ्या टेबलावर.' 'औषधांचे दुकान. औषध होते. सौजन्य मागवावे लागेल.' 'बाग. बाक चार. तीन बसण्यालायक. चौथ्यावर आप्पासाहेब.'

ऐशा एकशे सदतीस चकमकी करोन ते चौथ्या पातळीस पोहोचले. कन्येची पातळी आठवी, आणि ती तिने विलायतेच्या दौऱ्यांत कॉफीच्या कपांची छायाचित्रे टाकोन, काही न करिता, संपादन केली होती. कन्या नोकरीस होती तीही परदेशी साहेबांच्याच, आणि दिवाळीस सुट्टी किती मिळावी हे तेथून ठरत असे. म्हणोन पित्याची ही लढाई तिला खेळ वाटे. यात तिचा दोष किती, हे बखरकाराने ठरवू नये.

कार्तिक वद्य षष्ठी, सोमवार. प्रातःकाळी चहाचा पेला हाती असता राजश्रींच्या छातीत कळ आली. कन्येने त्यांस खुर्चीवर टेकविले आणि रुग्णवाहिकेस फोन केला.

"कुठं यायचं, मॅडम?"

"हिराची पाणंद, कर्वेनगर." तिच्या तोंडून आपोआप तेच गेले.

"असं काही दिसत नाही मॅपवर. नीट सांगा ना."

कन्येने पित्याकडे पाहिले, आणि पित्याने कन्येकडे. मग ती म्हणाली, "पाम अव्हेन्यू."

"हां, आलं. सहा मिनिटं."

राजश्रींनी डोळे मिटले होते. ते हळूच बोलिले, "एकच आहे म्हणावं. पाम."

हे त्यांचे अखेरचे बोलणे. दोन प्रहरी इस्पितळात त्यांनी देह ठेविला. वैद्यांनी सांगितले की, सहा मिनिटांच्या जागी सहा क्षण लागते तरी काही उपाय नव्हता. हे त्यांनी भलेपणाने सांगितले, आणि ते खरेही असावे.

चौदावा दिवस उलटल्यावर कन्या दिनदर्शिकेचे पान उलटावयास गेली आणि तिला ती चौकट दिसली. 'उ. – पाणंद.' पान तसेच ठेवोन तिने मोबाइल घेतला, आणि आपल्या आठव्या पातळीनिशी दुरुस्ती रवाना केली. नकाशेकरांनी ती दुसरे दिवशी फेटाळली. म्हणजे पित्याचा जिच्यावर भरवसा होता ती मनसबही पोकळ निघाली. तपास करिता कळले की, दोन गोष्टी हव्यात. रस्त्यावर नावाची पाटी उभी दिसावी, आणि एकाने नव्हे, अनेकांनी साक्ष द्यावी.

पाटी तर कधीच निघाली होती. पाणंदीच्या तोंडाशी दशरथ इस्त्रीवाले यांचे टेबल. कन्या कपडे आणावयास गेली आणि सहज पुसती झाली की, जुनी पाटी कोणी पाहिली काय. दशरथांनी इस्त्री उभी केली, वाकले, आणि निखाऱ्यांस वारा लागू नये म्हणोन टेबलाखाली आडवा लाविलेला पत्रा ओढोन काढिला. तो उलटा करिता त्यावर नाव होते.

"रंगरावसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, ताई. फेकू नको, लागेल."

"मला नाही बोलले."

"तुम्ही कामात असता, म्हणाले."

कन्या पत्रा घेऊन उभी राहिली, आणि त्याची काजळी ओढणीने पुसू लागली, आणि दशरथ खाली मान घालोन कोणाच्या तरी शर्टाची कॉलर उगीच दुसऱ्यांदा दाबू लागले.

मग फाटकावर पाटी लावण्याची परवानगी. कन्या आप्पासाहेबांस बागेत गाठती झाली. ते चौथ्या बाकावर एकटेच होते. तिने अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचिला नाही.

"त्या बाकाचं लिहिलं होतं त्यांनी," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्या मुलानं तिकडून वाचून फोन केला मला. हसत होता."

"बाबांनी बागेला चार तारे दिलेत, काका."

"पाचवा?"

"तुमचा कापला."

आप्पासाहेबांनी अर्ज न वाचताच घडी करोन खिशात घातला. मग बोलिले, "या रविवारी लावू. स्टूल मी धरतो. पण पाम काढायचा नाही. जगलाय तो."

हा तह दोन्ही पक्षी मान्य जाहला. रविवारी पाटी लागली, छायाचित्र निघाले, आणि मग ज्येष्ठ नागरिक संघाची फौज हास्यक्लब आटोपोन फाटकाशी जमा जाहली. बावीस असामी, चष्मे बावीस, मोबाइल एकोणीस. कन्येने एकेकास बोट कोठे लावावे ते दाखविले. फौज शूर, परंतु उतावीळ. कोणी आजोबांनी दुरुस्तीच्या जागी भलतीकडे बोट लाविले, आणि त्यांचे पाहोन मागील दहा जणांनी तेथेच लाविले, आणि नकाशेकरांनी, ज्यांस दोन वर्षांत एक नाव पडताळता आले नव्हते, त्यांनी अर्ध्या घटकेत जाहीर केले की हा रस्ता कायमचा बंद आहे. दोन दिवस वेढा पडला. कोणी रिक्षा येईना, कोणाची औषधे येईनात, आप्पासाहेबांचे न्यू जर्सीहून आलेले पार्सल डेक्कनवरूनच परत गेले. फौजेत कुजबुज माजली. परंतु माघार कोणी घेतली नाही. उलट संघाने ठराव केला की, रंगरावांनी दोन वर्षे दम काढिला, आपण दोन दिवस काढू. तिसरे दिवशी नकाशेकरांनी रस्ता पुन्हा खुला दाखविला, वेढा उठला, आणि एकोणीसही साक्षी पुनश्च, या खेपेस योग्य जागी, रुजू जाहल्या.

माघ शुद्ध पक्षी, सकाळी दहाचे सुमारास, नकाशेकरांचे फर्मान आले. दुरुस्ती मान्य.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तिची नोंद बरोबर व्हावी म्हणोन हेही लिहिले पाहिजे की, नकाशेकरांचे राज्य यत्किंचितही कमी जाहले नाही. मोबाइल त्यांचा, नकाशा त्यांचा, कन्येची नोकरी त्यांची, आणि हे जे कागदावर उतरत आहे तेही त्यांच्याच यंत्रावर. कर्वेनगरात साडेतीनशे पावलांची एक गल्ली तेवढी परत मिळाली. पाम कुंडीत आहे, त्यास अभय आहे, पाणी आप्पासाहेब घालितात.

येथवर कन्या, कन्या ऐसे लिहिले. ती मी.

फर्मान आले त्या सकाळी मी पाणंदीच्या तोंडाशी गेले आणि घरचा रस्ता विचारला. मोबाइलमधल्या बाईने, परक्या माणसाने पाहुणा म्हणून यावे तसे अडखळत, हिराची पाणंद येथे डावीकडे वळा, असे सांगितले. दशरथ इस्त्री थांबवून ऐकत होते. मी वळले नाही. पाटीखाली उभी राहिले, आणि जे त्या रविवारी लॅपटॉपवरून मान उचलून म्हणायला हवे होते ते मोठ्याने म्हणाले.

"बाबा, फरक पडतो."