स्पर्श न झालेला भाग

ही गोष्ट २०२३ सालच्या नोव्हेंबरातली. स्थळ तुळिंज, नवप्रभात सहकारी गृहनिर्माण संस्था, बी विंगसमोरचे पार्किंग. साल आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण संस्थेच्या दप्तरात या प्रकरणाच्या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत. सरोजिनीबाईंच्या डोक्यात मात्र एकच आहे, आणि तीच खरी.

सरोजिनीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना सगळे आठवत असे. १९९४ साली संस्थेचे फाटक हिरवे रंगवले, तेव्हा ‘रंग ओला आहे’ ही पाटी वाचून कोणकोणत्या सभासदाने बोट लावून पाहिले, हे त्या आजही क्रमाने सांगत. एकोणीस जण. विसावे त्यांचे यजमान शांताराम. पण ते बोट लावायला नव्हे, पांढऱ्या पँटीत टेकायला गेले होते.

एवढ्या आठवणींत प्रवासाची एकही नव्हती. उभ्या नोकरीतल्या रजा दुसऱ्यांच्या लग्नांत संपल्या. म्हणून सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी एका बंद पडलेल्या शाळेची मिनीबस घेतली, आत पलंग, शेगडी आणि मोरी बसवून घेतली आणि एक डिसेंबरला किनाऱ्याकिनाऱ्याने थेट राज्याच्या दक्षिण टोकाला, रेडीपर्यंत जायचे ठरवले. अडचण पिवळ्या रंगाची होती. पहिल्याच फेरीत आचोळ्याच्या नाक्यावर एका बाईने आपले पोर आत चढवले आणि उशीर झाला म्हणून शांतारामांना झापलेही.

रंग बदलायची सरकारी परवानगी मिळाली. गॅरेजवाला चार महिने मागू लागला, तेव्हा नवराबायकोने काम स्वतःच करायचे ठरवले. संस्थेने उदार मनाने तीस नोव्हेंबरपर्यंत जागा दिली. त्यानंतर गाडी भंगार समजून उचलण्यात येईल, असेही कळवले. दोघांनी पॉलिश पेपरने जुना रंग घासला, खड्ड्यांत पुट्टी भरली, प्रायमर मारला. मग सरोजिनीबाईंनी स्प्रे गन हातात घेतली आणि गाडी अबोली केली. आता उरला फक्त क्लिअर कोट, म्हणजे चकाकीसाठीचा शेवटचा बिनरंगी थर. तो मारायचा आणि एक दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही, एवढेच.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या विनिताने गाडीवरची ‘रंग ओला आहे’ ही पाटी वाचली, बोट लावले, आणि ते ओढणीला पुसून ओढणी खराब झाल्याची लेखी तक्रार केली.

सचिव सुधाकर हे नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी त्याच संध्याकाळी ठराव करून घेतला. वाहन कोरडे असल्याच्या दाखल्याशिवाय ते फाटकाबाहेर जाणार नाही. कोरडेपणाची खात्री समितीचे तीन सदस्य बोट लावून करतील. बोट स्पर्श न झालेल्या भागावरच लावले जाईल. ठसा उमटल्यास वाहन ओले समजून मालकाने तो घासून पुन्हा थर द्यावा. आणि पाहणी काम संपल्यापासून तासाभरात व्हावी.

शांतारामांनी विचारले, दुसऱ्या दिवशी का नको?

“दुसऱ्या दिवशी?” सुधाकर म्हणाले. “मधल्या वेळात तुम्ही तो वाळवला नाहीत कशावरून?”

दहा तारखेला तीन बोटे लागली, तीन ठसे उमटले. दोघांनी ते घासले, थर दिला. तासाभरात तीन बोटे. पंधराला तेच. एकोणीसला एक सदस्य आजारी होता म्हणून सुधाकरांनी त्याच्या वतीने दुसरे बोट लावले. सरोजिनीबाईंचे खांदे भरून आले. भंगारवाला लांबीरुंदी मोजून गेला. शांतारामांनी शेगडी उतरवायला पाना काढला.

“तो पाना ठेवा जागेवर,” सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि टेलिफोन खात्यातल्या जुन्या मैत्रिणीला, गास गावच्या थेरेसाला, त्यांनी फोन लावला. थेरेसाने सगळे ऐकून घेतले.

“काय गो सरोजिनी, सगल्यांना बोट लावायची हौस हाय ना? मग लावू दे. कोनालाच नाय म्हनू नको.”

रविवारी, सव्वीस तारखेला, दुपारी चार वाजता सरोजिनीबाईंनी शेवटचा थर मारला. कोणाला बोलावले नाही. फक्त पाटी लावली, ‘रंग ओला आहे. हात लावू नये’, आणि चहा टाकायला वर गेल्या.

अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे एकेक करून उतरली. कोणी मागे बघून लावले, कोणी तर्जनीवर समाधान न झाल्याने अंगठाही लावला. पहिल्या मजल्यावरच्यांनी गॅलरीतून कपडे वाळत घालायच्या काठीने टप तपासले. पाच वाजता समिती आली. सुधाकरांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, मग सतरंजी मागवून खालीही पाहिले. तिथे वॉचमनचे बोट होते.

“सरोजिनीताई, स्पर्श न झालेला भाग दाखवा.”

“नाही.”

“मग पाहणी करायची कुठे?”

“ठराव तुमचा आहे, भाऊ. त्यात बघा.”

सुधाकरांनी ठराव पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग त्यांनी शेरा लिहिला : पाहणीयोग्य भाग उपलब्ध नसल्याने वाहन ओले असल्याचे सिद्ध होत नाही, सबब कोरडे. सही करायला टेबल नव्हते, म्हणून त्यांनी कागद गाडीलाच टेकवला. तो परत निघाला नाही.

एक डिसेंबरला गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या सीटवर थेरेसा होती. गाडी रेडीपर्यंत गेली आणि अजून वर्षातून दोनदा जाते. शांताराम कुठेही टेकण्याआधी आता विचारतात. विनिताने नवी ओढणी घेतली, तिलाही क्लिअर कोटाचा चकचकीत डाग पडला आहे. सुधाकर पुन्हा बिनविरोध निवडून आले. कोरडेपणाचा दाखला गाडीच्या उजव्या दारावर क्लिअर कोटात कायमचा चिकटून आहे, आणि चेकनाक्यांवर तो कोणी वाचला की गाडी लगेच सोडतात.

सरोजिनीबाईंना प्रत्येक ठसा कोणत्या बिऱ्हाडाचा, ते पाठ आहे. गेल्या वर्षी गाडी आपटली आणि डाव्या दिव्याखालचा तुकडा नव्याने रंगवावा लागला. तो केव्हाच वाळला, पण पाटी त्यांनी तशीच ठेवली आहे. रविवारी गाडी राजोडीच्या किनाऱ्यावर उभी असते. तुम्ही त्या बाजूला आलात की पाटी वाचाल. आत त्या चहा घेत बसलेल्या असतील. वर बघणार नाहीत. फक्त तुमचे नाव विचारून घेतील, ठशांच्या यादीत लिहायला.