पाच दुकानांचे सावकार आणि उंदरांची खुडबुड

सिद्राम सावकार दुकानात शिरले की आधी जमिनीवर पालथे पडत. अंगात काळा कोट, डोक्याला जरीचा रुमाल, आणि सावकार तांदळाच्या पोत्यांपाशी आडवे, कान फरशीला. गिऱ्हाईक नवं असलं तर किंचाळायचं. एकदा बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या दुकानात मेणबत्त्या न्यायला आलेल्या मडमेनं त्यांना तसं पाहिलं आणि मुडदा पडलाय म्हणून शिपाई बोलवायला धावली. सावकारांनी पडल्या पडल्या एक बोट वर केलं, "गप ऱ्हावा वो बाई, ऐकायलोय मी."

ऐकायचे काय, तर उंदीर! पोत्यांमागं खुडबुड ऐकू आली की उठायचे, कोट झटकायचे आणि म्हणायचे, "हायत. चालू द्या." मगच तराजू हलायचा.

मी त्यांच्या शहापूरच्या दुकानात दिवाणजी होतो. सबंध मुलखात उंदीर पाळणारा धान्याचा व्यापारी हा एकच असेल, आणि नेमका तोच माझ्या नशिबी आला. रोज संध्याकाळी पोत्यांमागं मूठभर जोंधळा टाकायचा, हा नियम. मांजराला पाचही दुकानांत बंदी. निपाणीच्या कारभाऱ्यानं चोरून एक बोका ठेवला होता. सावकारांनी कान लावला, तर सगळं सामसूम. मग काय विचारता! कारभारी आणि बोका एकाच दारानं बाहेर गेले. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, मांजर असलं तर नासधूस तरी थांबंल." तर माझ्याकडं कीव करून बघत म्हणाले, "उंदीर मांजरानं न्हेला का रोगानं, ते मग कळायचं कसं रं?"

ते दिवसच तसले होते. उंदीर पडला की प्लेग आला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भर दिवसा एखादा उंदीर झोकांड्या खात घरात येऊन पडला की गल्ली उठायची. माणसं गावाबाहेर माळावर झोपड्या घालून महिना-दीड महिना काढायची, आणि परत आल्यावर कोण कोण उरलं ते कळायचं.

सावकारांची भरभराट झाली ती या माळावरच. पहिल्या साथीत पेठेतले व्यापारी कुलपं लावून पळाले. जे माळावर आले त्यांनी मिठालासुद्धा दुप्पट भाव लावला. सिद्राम अण्णांनी बांबू-तट्ट्याचं दुकान उभं केलं आणि पेठेचाच भाव ठेवला. गाव परतलं ते त्यांचं गिऱ्हाईक होऊन. मग साथ येत गेली तशी दुकानं वाढत गेली. बेळगावची पेठ झाली, शहापूर झालं, कॅम्प, खानापूर, शेवटी निपाणी. खानापूरचा तांदूळ निपाणीत, निपाणीकडचा गूळ कॅम्पात, गाड्या-बैल घरचे, आणि भाव सगळीकडं सारखा. "दुकानं पाच, बोलणं एक," असं म्हणताना त्यांचा हात मिशीवर जायचा. लोक मात्र पाठीमागं 'प्लेगाचा सावकार' म्हणायचे. लोकांच्या तोंडाला काय हो, झाकण नसतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या शहापूरच्या दुकानासमोर एका कंपनीचं दुकान उघडलं. काचेची कपाटं, रंगीत पाट्या, आणि गल्ल्याशेजारी गादीवर एक पांढरं मांजर. भाव आमच्याहून कमी. सावकारांनी पाचही दुकानांत दिवाळीचा माल ठासून भरला. ही दिवाळी साधली तर पाचही दुकानं तरतील, नाहीतर गेली, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

धनतेरशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी फळ्या काढल्या. सावकारांचा भाचा मारुती झाडू मारत होता. पोत्यांमागून एक उंदीर निघाला, आमच्या पायांना न बुजता थेट मध्ये आला, गोल फिरला आणि पडला.

तेवढ्यात सावकार दारात. मारुती म्हणाला, "मामा, बंबात घालतो. कुणाला कळतंय? चार दिस ढकलूया."

सावकारांनी त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. "तुझ्या मामीनं असाच उचलून टाकला हुता. शेपटाला धरून. माळावरनं आलतो, पेठेतलं दुकान उघडायचं हुतं, मीच म्हटलं, गुमान टाक. चौथ्या दिवशी गेली." एवढं बोलून ते रस्त्यावर गेले आणि ओरडू लागले, "उंदीर पडलाय वो! माझ्या दुकानात उंदीर पडलाय! उठा!"

आमची ती विणकरांची गल्ली. घरोघरी दिवाळीच्या साड्या मागावर चढलेल्या. काशाक्का नावाची बाई दारात येऊन कडाडली, "साडी अर्धी हाय माझी मागावर. ती कोण विणायचं, तुझं उंदीर?" तिचा नवरा म्हणाला, "ह्याला माळावर दुकान लावायचंय. समोरच्यानं धंदा बसवला न्हवं!" आणि सगळी गल्ली हसली. खरं सांगतो, मलाही पटलं असतं. इतकी वर्षं माळावर वाढलेला माणूस, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

सावकार काशाक्काच्या दाराशी गेले. मग म्हणाले, "माळावर मी काय इकणार न्हाय. खायाला मी घालतो. पर उठा." काशाक्काची पोर तानी चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडं बघत त्यांनी हात जोडले. पाच दुकानांचा मालक, जरीचा रुमाल बांधलेला, भर रस्त्यात हात जोडतोय! मला तर मान वर करवेना.

फुकटचं म्हटल्यावर गल्ली उठली. शिव्या देत उठली, पण उठली. खानापूरच्या दुकानातला तांदूळ गाड्यांनी माळावर आला, निपाणीचा गूळ आला, कॅम्पातलं तेल आलं. दिवाळीचा सगळा माल माळावर शिजला. समोरचा कंपनीवाला काही उठला नाही. त्यानं दारात आकाशकंदील लावला आणि पाचही ठिकाणी बातमी पोचवली की सिद्रामच्या दुकानात प्लेग आहे. आमच्या दुकानांत कुत्रं फिरकेना. कॅम्पातलं दुकान गेलं, पाठोपाठ पेठेतलं, मग खानापूर-निपाणीचीही. मारुती समोरच्या दुकानात नोकरीला लागला, मांजराशेजारी बसायला.

आणि प्लेग? आलाच नाही! महिना उलटला, कुणाला साधा ताप नाही. कंपनीवाला तिथंच राहून टुणटुणीत, मांजरही टुणटुणीत. उंदीर म्हातारपणानं मेला असणार, असं ठरलं. माळावर जिकडंतिकडं सावकारांची टिंगल. मी चिडून म्हटलं, "अण्णा, फुकट बुडालो की वो आपण!" म्हणाले, "असंल. म्हाताराच असंल." आणि झोपड्याझोपड्यांतून विचारत सुटले, "कुणाला ताप न्हाय न्हवं? काखंत गाठ न्हाय न्हवं?" बायका तोंड फिरवायच्या.

गल्ली परतली त्या दिवशी सावकार बंद दुकानाच्या पायरीवर उभे होते. जाणारा प्रत्येकजण टोमणा मारून जात होता. काशाक्का थांबली आणि तोंड भरून बोलली, "आमची दिवाळी घालवलास, तुझं वाटुळं हुईल!" ते आधीच झालं होतं. बापाच्या खांद्यावर बसलेल्या तानीनं आईचं बघून सावकारांना वाकुल्या दाखवल्या.

सावकार हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"माझी सुंदरी एवढीच हुती रं," ते म्हणाले. "आई तापानं फणफणलेली, तरी सोडंना तिला. आईच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी गेली."

लेक होती हे मला त्या दिवशी कळलं. काशाक्का पोरीला खाली उतरवून दार उघडत होती, पोर तिचा पदर ओढत होती. दोघी आत जाईपर्यंत सावकार बघत राहिले. मग आतून मागाचा खटखट आवाज सुरू झाला.

"चल," मला म्हणाले, "आता दुकानाची पाटी काढली तरी चालतंय."