दाताच्या रंगाची भिंत

"डॉक्टर, तुमच्या घराची शैली कोणती?"

इंटिरियरवाल्या बाईंनी हे विचारलं तेव्हा त्या दाताच्या खुर्चीत आडव्या होत्या. त्या खुर्चीतून आजवर "अजून किती दुखेल?" याखेरीज प्रश्न आलेला नव्हता. डॉक्टर गडबडले.

"शैली म्हणजे... सोफा आहे."

"सोफा म्हणजे शैली नव्हे हो!" बाईंनी चूळ भरली. "एकेका वस्तूपुढे उभं राहायचं आणि स्वतःला विचारायचं, ही इथे का आहे? उत्तर आलं नाही की काढून टाकायची. मग डोळे मिटायचे, आपल्याला सगळ्यात शांत कुठे वाटतं ते आठवायचं आणि घर तसं करायचं. झाली तुमची शैली!"

एरवी डॉक्टरांनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण त्यांच्या मनात एक दाढ बरेच दिवस ठणकत होती. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून बायको हॉलमध्ये बसेनाशी झाली होती. घर वर, दवाखाना खाली. संध्याकाळी काम आटोपून डॉक्टर तपासायच्या खोलीतल्या आतल्या जिन्याने थेट वर येत, तर हॉल रिकामा आणि बायको स्वयंपाकघरात स्टुलावर. "इथे ये की बसायला," म्हटलं तर "आलेच" म्हणायची आणि यायची नाही. डॉक्टरांना हॉलमध्ये एकट्याने पेपर वाचताना फार वाईट वाटायचं. आज अखेर निदान झालं होतं. दोष हॉलचा होता.

योगायोगाने त्याच आठवड्यात बायको लेकीचं बिऱ्हाड लावून द्यायला गेली. ती परत येईपर्यंत हॉल असा करायचा, की तिने तिथून हलूच नये, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि ते सोफ्यापुढे जाऊन उभे राहिले.

सोफा बायकोच्या मामांनी लग्नात दिलेला. मधोमध एवढा खड्डा, की दोन टोकांना बसलेली माणसं गप्पा संपेपर्यंत मध्यावर येत. तो इथे का आहे? उत्तर आलं नाही. मान वाकडी झालेला दिवा? उत्तर नाही. एक दार कधीच न लागणारं कपाट, त्यावरचे विणलेले रुमाल, लेकीने शाळेत केलेली आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला घुबड वाटणारी मातीची मांजर. कशाचंच उत्तर नाही. डॉक्टरांनी हमाल बोलावले.

"पण ठेवायचं कुठे?" हमालांनी विचारलं.

"तात्पुरतं खाली, पेशंट बसतात त्या खोलीत."

त्या खोलीचा कारभार नंबरबाईंकडे होता. आलेल्याला नंबर द्यायचा आणि नंबर नसलेल्याला बाहेर ठेवायचं, हे त्या इतक्या कडकपणे करत, की त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. सोफा बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मग हा स्टीलचा बाक मी डोक्यावर घेऊ का?"

"तो वर पाठवा. तिथेही बसायला काहीतरी लागेलच. तात्पुरतं."

हॉल मोकळा झाला. डॉक्टरांनी डोळे मिटले. सगळ्यात शांत कुठे वाटतं? प्रामाणिक माणूस होता, प्रामाणिक उत्तर आलं. तपासायच्या खोलीत. स्वच्छ, पांढरं आणि समोरच्याच्या तोंडात कापूस असल्यामुळे कोणी काही बोलत नाही.

"पांढरा द्या," डॉक्टरांनी रंगाऱ्याला सांगितलं.

"पांढरा म्हणजे कुठला, साहेब? पांढऱ्यात पुष्कळ प्रकार असतात."

हे डॉक्टरांना कोणी सांगायला नको होतं. खोटा दात शेजारच्या दाताशी जुळवायला त्यांच्याकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी होती. ती आणून त्यांनी एकेक दात भिंतीला लावून पाहायला सुरुवात केली. रंगारी दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, हे दात कोणाचे?"

"कोणाचे नाहीत. हा बघ, हा घे. तरुण, निरोगी माणसाचा रंग आहे."

तरुण, निरोगी माणसाचा रंग वाळला आणि भिंतीला चहाबाजाच्या दाताची कळा आली. उन्हात पिवळट, सावलीत करडी. रंगाऱ्याने अजून एक हात मारला, तर ती जास्तच वयस्कर दिसू लागली. ते झाकायला डॉक्टरांनी हवा तसा वळणारा एक प्रखर दिवा लावला आणि त्याखाली मागे रेलायची एक आरामखुर्ची ठेवली. आरशासमोर उभं राहून "कसं वाटलं?" असं विचारायची तालीमही केली.

बायको आली. दारात उभी राहिली. तिने भिंत पाहिली, बाक पाहिला, दिवा पाहिला.

"कसं वाटलं?"

"छान आहे. स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टर बाकावर बसले. बाक गार होता.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. ती आली की एरवी घर डोक्यावर घेई. आज ती बाकाच्या कडेला पर्स मांडीवर धरून ताठ बसली आणि थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, आत कोणी आहे का?"

"आत? तुझी ताई आहे."

"तसं नाही... वेळ लागेल का?"

"अगं, आरामात बस," म्हणत डॉक्टरांनी तिला आरामखुर्चीत बसवलं. ती मागे रेलली, दिव्याचा झोत चेहऱ्यावर आला आणि तिचं तोंड आपोआप उघडलं. सवयीचा गुलाम माणूस काय करणार? डॉक्टर वाकले.

"वरची डावी दाढ किडलीय."

मेहुणी चहा न घेता निघून गेली. बायको त्यावर एक शब्दही बोलली नाही. डॉक्टरांना ते जास्त लागलं. भांडली असती तर निदान हॉलमध्ये तरी आली असती.

मग तर ती स्वयंपाकघरातही दिसेनाशी झाली. "जरा खाली जाऊन येते, नंबरबाईंना मदत करायची आहे," म्हणायची आणि संध्याकाळभर गायब. ती आपल्याला टाळते आहे, याबद्दल डॉक्टरांना शंका उरली नाही.

त्यात दवाखान्यालाही कीड लागली. डॉक्टर आतून "पुढचा!" म्हणून हाक मारत आणि कोणी येतच नसे. दाराआडून कुजबुज ऐकू येई.

"तुम्ही व्हा पुढे."

"छे, छे, तुम्ही आधी आलात."

"मला घाई नाही हो. तुम्ही जा."

आणि त्यावर हसण्याचा आवाज. दातांच्या दवाखान्यात हसू! लोक आपल्यालाच हसत असणार, असं डॉक्टर धरून चालले. बाहेर जाऊन बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. तशी त्या खोलीत बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आतल्या जिन्याने खाली, आतल्या जिन्याने वर. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं मनाशी म्हणत ते एका संध्याकाळी लवकरच वर आले आणि बाकावर भिंतीकडे बघत बसले.

बाहेरच्या जिन्यावर काठीचा आवाज झाला. एक आजोबा उघड्या दारातून आत आले, बाकावर शेजारी टेकले आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"कवळी करून घ्यायची आहे. तुमचा नंबर कितवा?"

"माझा? माझा नंबर नाही."

"आधी खाली शिरलो होतो. पण ते कोणाचं तरी घर निघालं. मंडळी सोफ्यावर गप्पा मारत होती. म्हटलं, दवाखाना वरच असणार." आजोबांनी भिंतीवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर कसे आहेत हो हे?"

"तसे बरे आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण सध्या त्यांचं काही खरं नाही."

कोणाचं तरी घर? डॉक्टर उठले आणि आजोबांचा हात धरून कित्येक वर्षांनी बाहेरच्या जिन्याने खाली उतरले.

"नंबर?" नंबरबाईंनी मान वर न करता विचारलं.

डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. वाकड्या मानेचा दिवा बरोबर सोफ्यावर उजेड पाडत होता. कपाटाच्या उघड्या दारावर कोणाचा तरी रुमाल वाळत होता. मातीची मांजर नंबरबाईंच्या टेबलावर होती आणि एक गृहस्थ गालावर हात धरून "घुबड आहे," असं ठामपणे सांगत होते. सोफ्याच्या टोकाला डॉक्टरांची बायको ताटात मटार सोलत हसत बसली होती. तिला असं हसताना पाहून डॉक्टरांना भरून आलं. मग त्यांना स्वतःचा राग आला.

"तू इथे बसतेस?"

"बसते."

"आणि वर?"

"वर बसून काय करू?" बायको मटार सोलतच म्हणाली. "तुम्ही पेपरात तोंड घालून बसता. काही विचारलं तर 'हं'. लेक होती तोवर मी तिच्याशी बोलायचे. इथे माणसं बोलतात तरी."

"दात दुखत असताना?"

"दुखतं म्हणूनच बोलतात, अहो."

"मला वाटलं, तुला हॉल आवडत नाही."

"हॉलशी माझं काय भांडण असणार?"

डॉक्टरांनी इतक्या वर्षांत एकदाही चुकीचा दात काढला नव्हता. या वेळी त्यांनी अख्खा जबडा काढून ठेवला होता.

"उद्याच हे सगळं वर नेतो," ते कसेबसे म्हणाले.

"नको!" बायको, नंबरबाई आणि ते गालावर हात धरलेले गृहस्थ एकदम ओरडले.

"वर नेलं की तुम्ही परत त्याची शैली शोधाल," बायको म्हणाली. "उभे का? बसा."

डॉक्टर सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. पेपर नव्हता, त्यामुळे त्यांनी हात पुढे करून चार शेंगा घेतल्या. त्यांना सोलायला जमेना, दाणे खाली सांडले आणि बायको त्यांना कसं सोलायचं ते सांगू लागली. सांगता सांगता दोघंही हळूहळू मधल्या खड्ड्याकडे सरकत होते.

तेवढ्यात इंटिरियरवाल्या बाई दातावर टोपी बसवून घ्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"सापडली की हो डॉक्टर, तुमची शैली! कोणी केलं हे इतकं सुंदर?"

"हमालांनी," नंबरबाई म्हणाल्या. "जिथे दमले तिथे ठेवलं."

बाईंनी एक स्टूल ओढून घेतलं. त्यांनी सगळीकडे कौतुकाने पाहिलं, मग त्यांची नजर तपासायच्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. डॉक्टर तर इथे बसलेले. बाई गोंधळल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत कोणी आहे का?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "बसा तुम्ही. आज जरा वेळ लागेल."