इंदूआक्कांच्या तारेवरचे चिमटे

इंदूआक्कांच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची तार आहे, पण तिच्यावर कपडे कधी नसतात. नुसते चिमटे असतात. सोमवारी सात, मंगळवारी चार, मनात आलं तर अकरा. बेळगावातल्या या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, समोरच्या बाईंचं काहीतरी बिनसलंय.

चौथ्या दिवशी खुलासा झाला. मी गेटाबाहेर पडले तोच हाक आली, "उभी ऱ्हा गं. किती चिमटे दिसत्यात?"

"सात."

"टोकाचा लाल मोजायचा न्हाय. सहा. पास! जा आता."

आक्का निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहतात. त्यांच्या परीक्षेतून कुणाची सुटका नाही. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन चिमटे मोजतो. शेजारी मुलगी बघायला आलेल्या एका नवऱ्या मुलालाही त्यांनी दारात अडवलं होतं. तो चुकला. "आधी चष्मा, मग पोहे," आक्कांनी निकाल दिला.

माझी आठ वर्षांची ईश्वरी मात्र डोळे बारीक करून म्हणाली, "आक्का, तार कुठं आहे?"

आक्का हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ईश्वरीला चष्मा लागला. सहा महिन्यांत नंबर वाढला, पुढच्या सहा महिन्यांत परत वाढला. असाच वाढत गेला तर? डॉक्टरांनी रोज झोपताना घालायचे थेंब दिले. यानं चष्मा जाणार नाही, पण नंबर वाढायचा वेग कमी होऊ शकतो, म्हणाले. शिवाय रोज मोकळ्यावर खेळायला सोडा.

थेंब घालताना ईश्वरी डोळे घट्ट मिटून मान फिरवायची. थेंब गालावर, कानात, उशीवर, डोळा सोडून सगळीकडं. पोरीचा आरडाओरडा ऐकून आक्का भर पावसात छत्री घेऊन आल्या. "वर बघ. तेराचा पाढा उलटा म्हण." एकशे तीस, एकशे सतरा... पुढचा आकडा शोधायला पोरीचे डोळे छताला लागले आणि थेंब आत!

तेव्हापासून आमची जेवणं झाली की आक्का हजर. निपाणीला लग्नाला गेलो तर व्हिडिओ कॉल. "डोळा दाव. आता दुसरा." मांडवातले वऱ्हाडी बघत उभे. आणि रोज दुपारनंतर पोरीला मैदानावर हाकलायचं कामही त्यांचंच. "उन्हाला काय काटे हाईत काय गं?"

वर्षभरानं, गेल्या महिन्यात, डॉक्टरांनी तपासलं. नंबर होता तेवढाच होता. मी रिक्षातच रडले. वाटेत मिठाईच्या दुकानातून कुंद्याचा बॉक्स घेतला आणि ईश्वरीला घेऊन थेट आक्कांच्या गच्चीवर गेले. "आक्का, तुमचे उपकार कसे मानू?" मी म्हटलं.

त्यांनी बॉक्सला हात लावला नाही.

"खानापूरकडच्या शाळेत होते तवा शेवंता म्हणून एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवायची. मी तिला ढ ठरवली. हुशार पोरी पुढं घेतल्या आणि तिला शेवटच्या बाकावर बसवली." त्यांची नजर तारेवर गेली. "दिसत नव्हतं गं तिला. मी आणखी लांब नेऊन बसवली. चौथीनंतर शाळा सुटली तिची. लई वर्षांनी बाजारात भेटली, हे एवढ्या जाड भिंगाचा चष्मा. माझ्या पाया पडली."

मागच्या टोकाचा लाल चिमटा इतरांपासून लांब, एकटाच होता.

ईश्वरी सगळं ऐकत होती. ती उठली, लाल चिमटा काढला आणि तारेच्या पुढच्या टोकाला, सगळ्यांच्या आधी लावला. मग आक्कांच्याच थाटात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "किती दिसत्यात?"

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. मोजायला बराच वेळ लावला.

"सहा," त्या म्हणाल्या. "लाल धरून."